वय वाढतं तशी प्रार्थना का बदलते? बडोद्याच्या मराठी घरांतले नेहमीचे प्रश्न

कारेलीबागेतल्या आमच्या गुरुवारच्या भजनात आरती झाली की खरी सभा भरते. हातात पेढा आणि तोंडात प्रश्न. आजोबा हल्ली पूजा का टाळतात, मुलगा नमस्कारालाही का वाकत नाही, सासूबाईंची माळ रात्री दोनला का सुरू होते. माणसं बदलतात, प्रश्न तेच राहतात, म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. मी शास्त्री नाही. पेटी वाजवते आणि लोकांचं ऐकते. शास्त्रार्थ हवा असेल त्यांनी गुरुजींना विचारावं.

वय झालं की माणूस आपोआप देवाकडे वळतो, हे खरं का?

आपोआप काही होत नाही. चाळिशीत ज्याने कधी उदबत्ती लावली नाही, तो साठी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सोवळं नेसून बसला, असं मी तरी पाहिलेलं नाही. वळतात ते बहुतेक असे, की ज्यांच्याकडून लहानपणी कोणीतरी काहीतरी पाठ करून घेतलेलं असतं. मधल्या तीस वर्षांत ते माळ्यावर टाकलेल्या पितळी डब्यासारखं पडून राहतं. नोकरी सुटते, सकाळ रिकामी होते आणि डबा खाली येतो.

यात शरीराचाही हात आहे, तो कोणी बोलून दाखवत नाही. वय वाढतं तसं झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. लवकर डुलकी लागते, लवकर जाग येते, आणि झोप मधेमधे मोडते ती वेगळीच. पहाटे चारला डोळे टक्क उघडे. घर झोपलेलं, टीव्ही लावायचा नाही, चहाची भांडी वाजवायची नाहीत. मग माणूस नाम घेतो. ब्रह्ममुहूर्ताचं पुण्य मिळायचं ते मिळू दे, पण निम्मं श्रेय उडालेल्या झोपेला द्यायला हरकत नाही.

आणखी एक. आजचे ऐंशीचे लोक देवभोळे दिसतात ते ऐंशीचे आहेत म्हणून, की दिवेलागणीला परवचा म्हटल्याशिवाय ताट वाढलं जात नव्हतं अशा घरात वाढले म्हणून? दोन्ही मिसळलेलं आहे. त्यामुळे आज तिशीत असलेला भाचा ऐंशीत असाच वागेल, हे धरून चालू नका. परत यायला त्याच्याजवळ पाठ केलेलं काही असेल का, खरा प्रश्न तो आहे.

नातवाला अर्थ कळत नाही. तरी शुभंकरोती, रामरक्षा पाठ करून घ्यावी का?

घ्यावी. अर्थ मागाहून येऊ शकतो, पाठांतर मागाहून फार कष्टाने येतं. रोज दोन-दोन ओळी म्हटल्या तर सहा-सात वर्षांचं पोर रामरक्षेचे ३८ श्लोक खेळता खेळता उचलतं. पन्नाशीत तेच घेऊन बसलेली माणसं दहाव्या श्लोकाला अडकलेली मी पाहते.

मात्र त्याने अर्थ विचारला तर ‘देवाचं असं विचारायचं नसतं’ हे उत्तर देऊ नका. अर्थ कळावा ही मागणी आपल्या गावाला जुनी आहे. सयाजीरावांनी १९१५ मध्ये पुरोहितांना परीक्षा बंधनकारक करणारा कायदाच केला होता. विनोबांचं शिक्षणही इथलंच. त्यांच्या आईला गीता ऐकायची होती, पण संस्कृत समजेना. मराठीत हवी, असं त्या माउलीने मुलाकडे मागितलं. ‘गीताई’ पुढे १९३०-३१ मध्ये लिहून झाली, तेव्हा आईला जाऊन बारा वर्षं झाली होती. तुमच्या नातवाला एवढं थांबायला लावू नका. रात्री झोपताना दोन वाक्यांत सांगता येतं.

शाळेतली प्रार्थना गुजराती, घरची मराठी. मुलं गोंधळत नाहीत का?

नाही. मोठी माणसं गोंधळतात.

मुलगा सोळा वर्षांचा. देवघराकडे फिरकत नाही, संध्या केव्हाच सुटली, पण नवरात्रात नऊच्या नऊ रात्री गरबा. हे काय समजायचं?

आधी संध्येचं. आठव्या वर्षी मुंज करण्याची रीत आहे. आता मे महिन्याच्या सुट्टीत, हॉल मिळेल त्या तारखेला होते. बटूला पळी-पंचपात्र मिळतं, मोबाइलही मिळतो, आणि कोण जिंकतं ते आपल्याला माहीत आहे. संध्या सुटते कारण घरात दुसरं कोणी करत नसतं. वडील ऑफिसला निघताना बूट घालत घालत ‘संध्या केलीस का रे’ असं ओरडणार असतील, तर पोराने ती करावी तरी का?

आता गरबा. आरतीला दोन मिनिटं उभा राहत नाही आणि तिथे तीन तास नाचतो, ही आयांची तक्रार मला पुरती पटत नाही. बडोद्याच्या मोठ्या मैदानांत कपडे आणि सेल्फीच जास्त, हे खरं. पण मूळ गरबा म्हणजे छिद्रं पाडलेला मातीचा घट, आत दिवा, आणि त्याच्याभोवती फेर. सुरुवात आजही माताजीच्या आरतीने होते. सोळाव्या वर्षी शरीर एका जागी बसायला तयार नसतं. त्याला पाटावर बसवून डोळे मिटायला सांगणं म्हणजे शिक्षा. तो फेर धरतोय, तर धरू दे.

शिवाय मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आली की हाच मुलगा पेन देवापुढे ठेवून जातो. तेव्हा ‘आता बरा आठवला देव’ असं म्हणायचा मोह आवरा. त्या एका वाक्याने पुढची दहा वर्षं जातात.

तिशी-चाळिशीत वेळच मिळत नाही. मकरपुऱ्याला शिफ्ट, दोन मुलं, गृहकर्ज. अशात काय प्रार्थना करायची?

करता आहातच. मूल तापलं की रात्री कपाळावर घडी बदलताना तुम्ही काय पुटपुटता? हप्त्याच्या तारखेआधी? कॅनडाच्या व्हिसाच्या मेलची वाट बघताना? आयुष्यातलं सर्वात जास्त मागणं याच वयात होतं, आणि मागणं हलक्या दर्जाचं असतं असं समजण्याचं काही कारण नाही. निष्काम भक्तीच्या गोष्टी सांगणाऱ्या बऱ्याच जणांचे हप्ते फिटलेले असतात.

सोय म्हणून सांगते. या वयात लांब पूजा ठरवू नका, मोडते आणि मोडल्याचं ओझं राहतं. आंघोळ झाल्यावर देवाला एक फूल, दिवा, आणि तोंडाने एक स्तोत्र. दुसरं म्हणजे रस्ता. आमच्यातले एक जण घरापासून कारखान्यापर्यंत स्कूटरवर हेल्मेटच्या आत मारुतिस्तोत्र म्हणतात. सिग्नल लागला तर पुन्हा पहिल्यापासून. सुशेन सर्कलला किती आवर्तनं होतात, यावरून त्यांना ट्रॅफिक कळतं.

पंचेचाळिशी आली. इतकी वर्षं म्हटलेली स्तोत्रं नकोशी वाटतात, नुसतं गप्प बसावंसं वाटतं. श्रद्धा आटली का?

मला तसं वाटत नाही. अनेकांना हे होतं आणि ते कोणाला सांगत नाहीत, कारण घरात ‘स्तोत्रं न म्हणणारा’ हा शिक्का लगेच बसतो.

दांडिया बाजारातलं अरविंद निवास तुम्ही पाहिलं असेल. अरविंद घोष १८९३ ते १९०६ या काळात बडोदा संस्थानच्या नोकरीत होते. पुढे सुरतेचं काँग्रेस अधिवेशन उधळलं गेल्यावर, १९०८ च्या जानेवारीत ते बडोद्याला आले, आणि विष्णू भास्कर लेले या मराठी योग्याबरोबर एका खोलीत तीन दिवस बसले. मनात येणारे विचार बाहेरूनच परतवायचे, एवढीच लेल्यांची शिकवण. अरविंदांचं वय तेव्हा ३५. डोक्यात राजकारण, पुढ्यात भाषणं, आणि मन मात्र नि:शब्द झालं, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे. तुमचं-माझं असं तीन दिवसांत होणार नाही, पण शब्द नकोसे होणं म्हणजे मागे पडणं नव्हे, एवढं यावरून कळतं.

एक सावधगिरी. गप्प बसावंसं वाटणं वेगळं आणि कशातच मन न लागणं वेगळं. जेवण, गाणं, माणसं, सगळंच नकोसं झालं असेल आणि ते आठवडेच्या आठवडे टिकलं असेल, तर देवळाच्या आधी डॉक्टरांकडे जा.

बायकांची प्रार्थना पुरुषांपेक्षा वेगळी बदलते का?

फार वेगळी. यावर कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर.

आमच्या पिढीच्या बाईची पन्नाशीपर्यंतची प्रार्थना स्वयंपाकघरात झाली. महालक्ष्म्यांना सोळा भाज्या तिने चिरल्या, पुरणाचं पातेलं तिने घोटलं, आणि आरतीच्या वेळी ती कढईपाशी होती, कारण वडे करपले असते. तबक हातात घेऊन पुढे उभा राहिला तो नवरा. त्यातून महिन्याचे चार दिवस बाजूला बसणं. संकल्प केलेलं पारायण मधेच तुटायचं, म्हणून अनेकींनी संकल्पच केला नाही. गुरुचरित्राची पोथी बायकांनी वाचायची नाही, हा काही घरांतला रिवाज त्यावर आणखी.

मग पाळी जाते. गुडघे दुखतात, अंगाचे भडके होतात, सगळं खरं. पण कित्येक बायका मला हळूच सांगतात की आयुष्यात पहिल्यांदा देवघर आपलं वाटलं. तारखा मोजायच्या नाहीत, कोणाला विचारायचं नाही. सून हाताशी आली की सकाळचा एक तासही मोकळा होतो. आमच्या मंडळात सगळ्यात खणखणीत आवाज पंचावन्न ते सत्तरच्या बायकांचे आहेत, ते उगाच नाही.

माझं मत विचाराल तर चार दिवसांची वाट बघत तीस वर्षं घालवायचं काही कारण नव्हतं. माझ्या मुलीने घालवली नाहीत. पण आजीशी यावरून भांडण उकरून काढू नका. ती तिच्या काळात राहिली.

निवृत्तीपासून यांची पूजा तीन तास चालते. तोवर घरात कोणाला जेवायचं नाही. काय करू?

ऑफिस गेलं, शिपाई गेला, फायली गेल्या. आता ताम्हण, पळी, सहाण, आणि ‘गंध उगाळलं का?’ असं विचारायला तुम्ही. पूजेपेक्षा खात्यांची ही फेररचना आहे. भांडू नका, काम वाटून द्या. फुलं खंडेराव मार्केटमधून त्यांनीच आणायची, वाती त्यांनीच वळायच्या, देवाची भांडी त्यांनीच घासायची. महिनाभरात पूजा तासावर येते. नाही आली तर तुम्ही वेळेवर जेवून घ्या. देवाची ना नसते.

मांडी घालून बसता येत नाही. खुर्चीवर बसून पूजा चालते का?

चालते. देव्हारा मात्र खुर्चीच्या उंचीला आणा, नाहीतर वाकून वाकून कंबर जाईल. आणखी काही गोष्टी, घराघरांत पाहून:

हात थरथरत असेल तर निरांजन हातात घेऊन ओवाळू नका. पदर आणि उपरणं पेट घेतं. निरांजन चौरंगावर ठेवून नुसते हात जोडावेत. जमिनीवर बसत असाल तर आरती संपली की ताडकन उठू नका, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर भोवळ येऊ शकते. दम्याचा त्रास असेल तर धूप-उदबत्ती बंद करून फूल वाहा. चाळिशीनंतर जवळचं अंधुक होतं, तेव्हा मोठ्या टायपाची पोथी घ्या. वडिलांची बारीक छापाची पोथी कपाटात छान राहते.

एकादशी आयुष्यभर केली. आता मधुमेह आहे. सोडावी का?

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर उपाशी राहणं धोक्याचं आहे. साखर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. आणि उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची कातरी, वर शिंगाड्याचा शिरा असेल, तर उलटं दुखणं: साखर वर जाते. आमच्याकडे काही जणांनी एकादशीला जेवण नेहमीचं ठेवलं आणि दिवसभर गप्पा-चहाड्या सोडल्या. ते जास्त कठीण जातं, असा त्यांचा अनुभव आहे.

जप मोजावा का? हल्ली मणी ओढता ओढता आकडा विसरतो.

विनोबांच्या आईची एक गोष्ट आहे. तिने देवाला एक लाख तांदूळ वाहायचा नेम धरला, आणि रोज एकेक दाणा मोजून वाही. वडील हिशेबी. ते म्हणाले, थोडे तांदूळ वजन करून दाणे मोज, मग हिशेबाने माप घाल, वरती मूठभर जास्त टाक. तिला उत्तर सुचेना, तिने मुलाला विचारलं. मुलाचं म्हणणं, दाण्यागणिक देवाचं स्मरण होतं, वजनाने ते कसं होईल? तिला पटलं.

आकडा विसरत असाल तर आकडा सोडा, मणी सोडू नका. बोटांना काम असलं की मन फार लांब जात नाही. रात्री अंधारात तर माळच बरी.

यांना जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून देवापुढे हात जोडवत नाहीत. लोक म्हणतात देवाचं केलं तर मन रमेल.

लोकांना म्हणू द्या. बारा-तेरा दिवसांचे विधी, मासिक श्राद्धं, वर्षश्राद्ध यांत पहिलं वर्ष निघून जातं, आणि सगळ्यांना वाटतं की आता ही सावरली. खरा रिकामेपणा त्यानंतर येतो, तुम्हाला आला आहे तसा. जिच्या हळदीकुंकवाची जागा समाजानेच काढून घेतली, तिला ‘देवात मन रमव’ असं सांगणं मला क्रूर वाटतं. आमच्या भजनात विधवा बाई हळदीकुंकू लावते आणि लावून घेते. ज्यांना खटकलं त्या दोघी येत नाहीत. ठीक आहे.

देवावर रागावणंही देवाशी बोलणंच आहे. आपल्या संतांनी विठ्ठलाला काय काय सुनावलं आहे ते आठवा. जनाबाईंनी तर शिव्या दिल्या. शब्द फुटत नसतील तर नुसता दिवा लावा. तोही लावावासा वाटत नसेल तर सुनेला, शेजारणीला लावू द्या. काहींना तीन-चार वर्षांनी पुन्हा म्हणावंसं वाटतं, काहींना कधीच वाटत नाही. मूल गेलेल्या आईबापांचं तर मी काहीच सांगत नाही. त्यांच्या शेजारी बसावं, पेटी बंद ठेवावी.

आईला स्मृतिभ्रंश आहे. मला ओळखत नाही, पण रामरक्षा म्हणते. हे कसं?

लहानपणी लय धरून हजारो वेळा म्हटलेलं मेंदूत खोल रुजलेलं असतं. कालचं जेवण, मुलीचं नाव हे आधी जातं. ताल आणि सूर लागलेले शब्द पुष्कळदा सर्वात शेवटपर्यंत टिकतात.

मांजलपूरला एका आजींकडे आम्ही अधूनमधून जातो. त्यांना सांभाळणारी मुलगी गुजराती. आजी दुपारी चिडल्या, दाराची कडी ओढायला लागल्या, की ती त्यांचा हात आपल्या मनगटावर ठेवते आणि रामरक्षेचा पहिला चरण म्हणते, गुजराती हेल काढून, उच्चार चुकवून. आजी थांबतात. भुवया आक्रसून आधी तिचा उच्चार दुरुस्त करतात आणि मग पुढचं स्वतः म्हणत जातात, बोटांनी तिच्या मनगटावर ताल धरून. मधेच एखादा श्लोक दोनदा होतो. त्या मुलीने आता सगळं पाठ केलं आहे.

तुम्हीही तसंच करा: ओळ सुरू करून द्या, पूर्ण करायला सांगू नका. ‘पुढचं काय गं?’ अशी परीक्षा घेतली की त्या घाबरतात. आणि उजळणी चालू ठेवा, रोज, शक्यतो त्याच वेळेला.

मुलगा नव्या फ्लॅटमध्ये नेतोय. देव्हारा नेता येणार नाही. इतक्या देवांचं काय करायचं?

कुलदेवतेचा टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, एक शंख, घंटा: हे चपलेच्या कपाटाएवढ्या जागेत मावतं (चपलेच्या कपाटाशेजारी ठेवू नका, एवढंच). आत्यांनी काशीहून आणलेले, लग्नात आलेले, दुकानातून ‘सुंदर दिसला’ म्हणून घेतलेले गणपती मागून बघा, भाचे-पुतणे हौसेने नेतात. फाटक्या तसबिरी नदीत टाकू नका. विश्वामित्रीची अवस्था आधीच बघवत नाही. काच-चौकट वेगळी काढून कागद बागेत खड्डा करून पुरावा.

सून गुजराती आहे. आमच्यामागे या घरातलं मराठी म्हणणं संपेल का?

थोडं संपेल. पण थोडं आधीच गुजराती झालं आहे, आणि ते आपल्याच माणसाने केलं आहे. नर्मदाकाठच्या नारेश्वरचे दत्तभक्त रंगावधूत महाराज, मूळचे पांडुरंग विठ्ठल वळामे. घराणं कोकणातलं, जन्म १८९८ चा, गोध्र्याचा. १९१४ मध्ये गेलेल्या, गरुडेश्वरला समाधी असलेल्या वासुदेवानंद सरस्वतींना रंगावधूत गुरू मानत. या मराठी माणसाने १९३५ मध्ये दत्ताची बावन्न ओळींची बावनी रचली ती गुजरातीत. आज बडोद्याच्या मराठी घरांत गुरुवारी वासुदेवानंदांची मराठी करुणात्रिपदी आणि ही दत्तबावनी एकापाठोपाठ होतात, आणि भाषा कुठे बदलली ते कोणाच्या लक्षात येत नाही. सुनेला बावनी पाठ असेलच. तिने ती म्हणावी, तुम्ही त्रिपदी म्हणा. नातू दोन्ही उचलतो.

गरुडेश्वर-नारेश्वर आता झेपत नाही. काय करावं?

गुरुवार आणि पौर्णिमा टाळा, मधल्या वारी जा. घाटाच्या पायऱ्या उतरायचा हट्ट धरू नका. तरुण कोणी सोबत असेल तर तांब्याभर नर्मदा वर आणून देईल, तिथेच डोळ्यांना पाणी लावा. तेही जमत नसेल तर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे या. लिफ्ट आहे, भिंतीकडे खुर्च्या असतात, आणि ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना पेटीजवळ बसवतो.